दोन रेषांची जुळणी

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात. ५० मीटरांवर एक कला म्हणजे सुमारे १४.५ मिलिमीटर. म्हणजे हे वर्तुळ पाऊण कलेहूनही लहान! आपला डोळा साधारणतः एका कलेपर्यंतचाच तपशील ओळखतो. म्हणून नेमबाज मोठ्या काळ्या वर्तुळाचा मध्य साधतो आणि बाकीची भिस्त साधनाच्या जुळणीवर असते.

ऑलिंपिकच्या या रायफलीवर दुर्बीण नसते, बारीक छिद्रातून नेम धरतात. इतर काही रायफलींवर दुर्बीण असते. तत्त्व मात्र एकच : नजरेची रेषा आणि गोळीचा मार्ग लक्ष्यावर एकत्र यायला हवेत. गोळी सरळ जात नाही. सेकंदाला ३२० मीटर वेगाने ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतो. तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर खाली येते. म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते.

जुळणीसाठी स्क्रू असतात. अनेक दुर्बिणींत स्क्रूच्या एका ‘टिक्’ने नेम पाव कला, म्हणजे ५० मीटरांवर सुमारे ३.६ मिलिमीटर सरकतो. पाच गोळ्यांचा मध्य १८ मिलिमीटर डावीकडे असेल, तर उजवीकडे पाच टिक्. एकाच गोळीवरून स्क्रू फिरवू नये. ती चूक हाताचीही असू शकते.

हीच जुळणी अँटॉप हिलच्या एखाद्या गच्चीवर बंदुकीविना करता येते. आकाशदर्शनाच्या मोठ्या दुर्बिणीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते. तिच्यात तारांची फुली दिसते.

१. उजेडी आकाशाकडे पाहून नेत्रिका अशी फिरवा की फुली स्पष्ट दिसेल. सूर्याकडे दुर्बीण मुळीच रोखू नका. डोळा कायमचा जाईल.

२. सुमारे एक किलोमीटरवरील पाण्याच्या टाकीचा कोपरा मोठ्या दुर्बिणीच्या मध्यावर आणा व ती पक्की करा.

३. शोधकातील चित्र स्पष्ट करा. डोळा डावी-उजवीकडे हलवा. फुली चित्रावरून सरकली, तर फुली व प्रतिमा एका पातळीत नाहीत. हा पराशय. तो जाईपर्यंत भिंग पुढेमागे करा.

४. आता शोधकाचे स्क्रू फिरवून फुली त्याच कोपऱ्यावर आणा.

लांबचीच खूण का? दोन्ही नळ्यांत १० सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. खूण ५० मीटरांवर घेतली, तर ताऱ्याकडे पाहताना सुमारे ७ कलांची चूक राहील. एक किलोमीटरवर घेतली, तर पाव ते अर्ध्या कलेच्या दरम्यान. चंद्रबिंब सुमारे ३० कलांचे असते, यावरून फरक ध्यानात येईल. ताऱ्याचा प्रकाश गोळीसारखा वाटेत खाली येत नाही, म्हणून इथे दोन रेषा समांतर झाल्या की काम झाले.

खूण २०० मीटरांवर असेल, तर चूक किती कलांची? वहीत करून पाहा. (उत्तर : सुमारे १.७)