ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा व ती काढण्याची रीत

उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेताच्या मध्यावर तापून उभा राहिला, की दोष बहुधा उन्हाला, जड जमिनीला किंवा जुन्या इंजिनाला दिला जातो. रेडिएटर उघडून पाहिल्यास पाणी थोडे कमी आढळते. ते भरून ट्रॅक्टर पुन्हा चालू केला जातो आणि तासाभरात तो पुन्हा तापतो. पाणी कोठे गळताना दिसत नाही, पट्टा सैल नसतो, रेडिएटरच्या जाळीत भूसही साचलेले नसते. अशा वेळी, विशेषतः मागील आठ-पंधरा दिवसांत रेडिएटर धुतला असेल, रबरी नळी बदलली असेल अथवा पाण्याचा पंप दुरुस्त केला असेल, तर इंजिनात हवा अडकली असावी असा पहिला संशय घ्यावा. हा दोष काढण्यास भारी हत्यारे लागत नाहीत. वेळ मात्र द्यावा लागतो.

विहिरीवरील पंपाने हवा धरली म्हणजे काय होते हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मोटार फिरत राहते, पण पाणी चढत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा पाण्याचा लहान पंपही त्याच जातीचा आहे. त्याच्या पात्यांत हवा शिरली की तो पाणी ढकलण्याऐवजी घुसळीत बसतो. मात्र विहिरीच्या पंपाने हवा धरली तर तोटीतून पाणी येत नाही व दोष तत्काळ दिसतो. इंजिनाच्या आत पाणी फिरत आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश भाग पाण्याने उचलून रेडिएटरकडे न्यावा लागतो. हे पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून वर चढते, सिलिंडर हेडमधून जाते आणि थर्मोस्टॅट उघडल्यावर वरच्या नळीने रेडिएटरमध्ये उतरते. हवा हलकी असल्याने ती सर्वांत उंच जागी, म्हणजे नेमकी हेडमध्ये, जाऊन बसते. आणि इंजिनात सर्वांत अधिक उष्णता तेथेच असते. स्थिर हवेतून पार होणारी उष्णता स्थिर पाण्याच्या मानाने विसाव्या हिश्शाहूनही कमी असते. त्यामुळे जेथे हवेचा फुगा असेल तेवढा लोखंडाचा भाग उघड्या तव्यासारखा तापतो. त्याच्या कडेचे पाणी उकळते, वाफ होते आणि फुगा आणखी वाढतो. वाफेच्या दाबाने रेडिएटरमधील पाणी झाकणावाटे बाहेर फेकले जाते व पाणी ‘कमी झालेले’ आढळते. हेड वाकणे, हेड गॅस्केट जळणे, पिस्टन चिकटणे हे पुढचे प्रकार. पेरणी तोंडावर आली असता हेड उतरविण्याची पाळी येणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर ती आली त्यालाच ठाऊक.

येथे एक गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना आवर्जून समजावून द्यावी. तापमान दाखविणारा काटा खाली आहे म्हणजे इंजिन थंड आहे, असे नेहमीच नसते. त्या काट्याचे संवेदक टोक पाण्यात बुडालेले असते आणि ते पाण्याचेच तापमान सांगते. टोकाभोवती पाणी नसून हवा असेल, तर हेड भाजत असतानाही काटा निमूटपणे खालीच राहू शकतो. काटा एकाएकी वर चढून पुन्हा खाली येणे, इंजिन बंद केल्यावर आत गुरगुर ऐकू येणे, वरची नळी चटका देण्याइतकी तापलेली असता खालची जवळजवळ थंड असणे, ही चिन्हे काट्याच्या आकड्याहून अधिक विश्वसनीय होत.

हवा आत शिरते ती बहुतेक वेळा घाईने पाणी भरताना. इंजिन थंड असते तेव्हा थर्मोस्टॅट बंद असतो. पुष्कळ इंजिनांत तो ८० अंश सेल्सियसच्या आसपास उघडू लागतो. बादली उपडी केली की रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो, परंतु बंद झडपेच्या पलीकडे इंजिनात कोंडलेल्या हवेला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. काही थर्मोस्टॅटच्या तबकडीत यासाठीच एक बारीक भोक व त्यात डुलणारी खीळ ठेवलेली असते. तेवढ्या भोकातून हवा निघण्यास अवधी लागतो, म्हणून थर्मोस्टॅट बसविताना ते भोक वरच्या बाजूस येईल असे पाहावे. शर्यतीच्या व ठेंगण्या वेगवान मोटारगाड्यांत ही अडचण फार मोठी असते, कारण त्यांचा रेडिएटर पुष्कळदा इंजिनाच्या माथ्याहून खाली असतो. त्यांपैकी काहींत पाणी गोल फिरवून हवा वेगळी करणारे निराळे भांडेच बसवितात. ट्रॅक्टरचा रेडिएटर उंच असल्याने काम सोपे आहे, हे शेतकऱ्याचे सुदैव.

हवा काढण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड असावे; सकाळी काम सुरू करण्यापूर्वीची वेळ उत्तम. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. झाकणाने अर्धा किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर दाब धरला असता पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच तो दाब नाहीसा होतो आणि पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर व छातीवर उसळते. दख्खनच्या पठारावर ६०० मीटर उंचीला उघडे पाणी ९८ अंशांनाच उकळते, हेही ध्यानात असावे.

ट्रॅक्टरची पुढील चाके चढावर येतील असा तो उभा करावा, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच होईल आणि हवेला तिकडे सरकण्यास वाट मिळेल. शेताच्या बांधाचा किंवा रस्त्याच्या कडेचा साधा चढ पुरतो. हातब्रेक लावून मागील चाकांमागे मोठे दगड ठेवावेत. काही इंजिनांवर थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा वरच्या नळीजवळ हवा सोडण्याचा लहान स्क्रू असतो. तो असल्यास दोन-तीन आटे सैल करावा. मग पाणी बारीक धारेने ओतावे. दहा-बारा लिटर पाणी भरण्यास चार-पाच मिनिटे लागली तर ती वाया गेली असे मानू नये. ओतताना वरची व खालची रबरी नळी हाताने पुनःपुन्हा दाबावी. प्रत्येक दाबासरशी तोंडाशी बुडबुडे येतील व पाण्याची पातळी उतरेल. स्क्रूमधून बुडबुडेविरहित सलग पाणी येऊ लागले की तो आवळावा.

यानंतर झाकण उघडेच ठेवून इंजिन मंद गतीने चालू करावे. पंख्याजवळ उभे राहणाऱ्याने धोतराचा सोगा, उपरणे, लांब बाही सावरून घ्यावी आणि तोंड रेडिएटरवर वाकवून पाहू नये. पंधरा-वीस मिनिटांत वरची नळी एकाएकी गरम लागू लागेल. थर्मोस्टॅट उघडल्याची ही खूण होय. त्याच क्षणी कोंडलेली हवा सुटून पाणी बरेच खाली जाते आणि येथेच पुष्कळजण फसतात, कारण त्यांनी झाकण आधीच लावून टाकलेले असते. पातळी उतरताच थोडे थोडे पाणी घालीत राहावे. इंजिन आता गरम असल्याने एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो. बुडबुडे थांबून पातळी स्थिर झाली की झाकण लावावे आणि बाजूच्या बाटलीतील पाणी दोन खुणांच्या दरम्यान आणावे.

हवा खरोखर निघाली की नाही हे पडताळण्याची एक साधी युक्ती आहे. तोटी उघडून पाणी काढताना ते बादलीत धरून मोजावे. बारा लिटर निघाले आणि भरताना नऊच मावले, तर उरलेल्या तीन लिटरच्या जागी हवा बसली आहे. ज्या कारखान्यात ट्रॅक्टर दुरुस्तीस दिला असेल तेथेही हे माप विचारण्यास संकोच करू नये.

पुढील दोन-तीन दिवस सकाळी बाटलीतील पातळी पाहावी. इंजिन तापले की झाकणातील दाबाची झडप उघडून पाण्याबरोबर उरलीसुरली हवा बाटलीत जाते. निवताना दुसरी झडप बाटलीतील पाणी परत ओढून घेते. याप्रमाणे योजना आपली आपणच हवा बाहेर टाकते. परंतु झाकणाचे रबर कडक झाले असेल, बाटलीची नळी फुटली असेल वा तिचे टोक पाण्याबाहेर असेल, तर पाण्याऐवजी हवाच परत आत ओढली जाते. थोड्या किमतीच्या झाकणाकडे दुर्लक्ष करून भारी दुरुस्ती ओढवून घेणारे कमी नाहीत.

बुडबुडे थांबतच नसतील तर

एवढे करूनही बुडबुडे येतच राहिले, तर हवा आत राहिलेली नसून नव्याने येत आहे असे समजावे. ती पंपाच्या ओढीच्या बाजूने, म्हणजे खालच्या नळीच्या सैल पट्टीतून किंवा पंपाच्या झिजलेल्या सीलमधून येते. नाहीतर हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरतो. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी इंजिन थंड असताना, रेडिएटर भरलेला ठेवून, पंपाचा पट्टा उतरवावा आणि इंजिन मिनिटभरच चालवावे. पंप बंद असूनही बुडबुडे आले, तर ते ज्वलनाचे वायू होत. तेव्हा हेड उघडण्यावाचून इलाज नाही. बुडबुडे आले नाहीत तर नळ्या व सील तपासावेत. मिनिटभराहून अधिक काळ इंजिन असे चालवू नये.

तापण्याच्या तक्रारीवर थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा जो उपाय गावोगाव सांगितला जातो, तो सर्वस्वी चुकीचा आहे. त्याने इंजिन हलक्या कामात नीट तापत नाही, डिझेल पुरते जळत नाही व झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसेल तर बरेचसे पाणी रेडिएटर चुकवून आडवाटेने पंपाकडे परतते आणि कामाच्या भरात इंजिन उलट अधिकच तापते.

पाण्यासंबंधी थोडे सांगणे जरूर आहे. विहिरीचे जड पाणी आत खारट पुटे धरते, म्हणून ते वापरू नये. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशास, असा प्रश्न विचारला जातो. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवितो, लोखंडास गंजू देत नाही आणि सिलिंडरच्या लायनरला बुडबुड्यांमुळे पडणारी बारीक भोके आवरतो. त्याचा प्रकार व प्रमाण ट्रॅक्टरच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. मात्र पुष्कळ कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर व अत्यंत विषारी आहे. रेडिएटर रिकामा करताना ते गव्हाणीजवळ, ओढ्यात किंवा अंगणातील खळग्यात सोडू नये; जनावरे व कुत्री ते आवडीने पितात. झाकणाच्या डब्यात भरून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावे.