एका गावचा पाऊस, दोन समुद्र



नकाशात बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुका शोधा. त्याच्या पश्चिम भागात, चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबी हे गाव आहे. येथे मलप्रभा नदी उगम पावते. पूर्वेकडे वाहत ती सौंदत्ती तालुक्यातील नविलुतीर्थ धरणात येते, पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते आणि हे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. याच कणकुंबी परिसरातील कळसा नाला मात्र म्हादईला मिळतो. म्हादई गोव्यात उतरते, मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते.

असे का होते? कौलारू घराचे आढे आठवा. आढ्याच्या एका बाजूचे पाणी पुढच्या अंगणात पडते, दुसऱ्या बाजूचे परसात. सह्याद्रीची धार म्हणजे असेच आढे. भूगोलात त्याला जलविभाजक म्हणतात. पूर्वेचा उतार मंद, म्हणून मलप्रभेचा प्रवास लांबचा. पश्चिमेचा उतार तीव्र, म्हणून म्हादई थोड्याच अंतरात समुद्र गाठते.

म्हादईचा उगम भीमगडच्या जंगलात आहे. हे जंगल केवळ वाघ-अस्वलांचे घर नव्हे. झाडांची मुळे आणि पालापाचोळा पावसाचे पाणी थोपवून जमिनीत मुरवतात. तेच पाणी पावसाळ्यानंतर झऱ्यांतून नदीत येते. दूधसागरचे पाणीही खांडेपार नदीतून याच मांडवीत येते. याच खांडेपारवरील ओपा येथून गोव्यातील अनेक गावांना पिण्याचे पाणी मिळते.

पश्चिमेचे थोडे पाणी मलप्रभेत वळवावे, हुबळी-धारवाडची तहान भागवावी, ही कर्नाटकाची मागणी. गोड्या पाण्याचा ओघ घटला तर खारे पाणी आत शिरेल, जंगल सुकेल, ही गोव्याची भीती. २०१० साली लवाद नेमला गेला. २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ व महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी देण्यात आले. त्यावर राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

तहान खरी आहे आणि भीतीही खरी आहे. म्हणून घोषणा देण्यापूर्वी नकाशा समजून घ्यावा. आढ्यावरचे जंगल टिकले तरच दोन्ही अंगणांत पाणी पोहोचेल.

उपक्रम : नकाशावर मलप्रभा निळ्या व म्हादई हिरव्या रंगाने रंगवा. आपल्या शाळेच्या आवारातले पावसाचे पाणी कोणत्या ओढ्याला आणि शेवटी कोणत्या समुद्राला जाते, ते पालकांना विचारून वहीत लिहा.