नाव कुणाच्या नावावर?

करमाळा

चि. मुक्ता हिस,


परवा केमचे बापू बाजाराला आले होते. चहा घेऊन निघताना उंबऱ्यात म्हणाले, "मुक्ता जुना ब्लॉग बंद करतीय. सचिनच्या कुंकवाची वेबसाइट होतीय, त्यातच सगळं घालणार. पुण्यातल्या कुणा पोराला काम दिलंय, नावबिव सगळं त्यानंच घेतलंय." बापूंच्या बातमीत निम्मं तिखटमीठ असतं, हे मला ठाऊक आहे. पण उरलेलं निम्मं जरी खरं असलं तरी माझी झोप उडायला तेवढं पुरे. फोन केला तर "हो मामा, बघते मामा" म्हणून तू विषय मिटवशील, म्हणून पत्र.

पहिला प्रश्न विचारतो, आणि तो पुन्हा पुन्हा विचारणार आहे. वेबसाइटचं नाव, ज्याला तुम्ही डोमेन म्हणता, ते कुणाच्या नावावर आहे? पैसे कुणी भरले ते विचारत नाही. ज्या खात्यातून नाव नोंदवलं त्याचा ईमेल कुणाचा, मोबाइल कुणाचा, पासवर्ड कुणाकडे? तुझ्या आजोबांचं, आबांचं, तुला सांगायला नको. जमीन कसली आबांनी, सातबाऱ्यावर नाव थोरल्या चुलत्यांचं. उजनी धरणात जमीन गेली, मोबदला आला, तो कुणाच्या हातात पडला आणि आपण करमाळ्यात दोन खोल्यांत कसे आलो, ते तुझ्या आईनं, अक्कानं, तुला शंभरदा ऐकवलं असेल. चुलते वाईट नव्हते. कागदावर त्यांचं नाव होतं, एवढंच. तो पोरगाही वाईट नसेल. पण उद्या त्यानं धंदा बदलला, फोन उचलेनासा झाला, वर्षाची फी भरायची राहून गेली, तर मुदत टळल्यावर ते नाव कुणीही घेऊ शकतो. पुड्यांवर छापलेला पत्ता तुमचा आणि उघडल्यावर दुकान भलत्याचं, अशी गत व्हायची.

आता दुसरं. जुना ब्लॉग बंद का करायचा? "ब्लॉगस्पॉट म्हातारं झालं, गूगल कधीही गुंडाळेल" असं त्या पोरानं सांगितलं म्हणे. म्हातारं झालंय, खरं आहे. १९९९ साली पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीनं ब्लॉगर, म्हणजे तुझ्या ब्लॉगस्पॉटमागचं मूळ, काढलं आणि २००३ साली गूगलनं ते विकत घेतलं. गूगलनं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद केलं, गूगल प्लस २०१९ साली. त्याआधी २००९ साली याहूनं जिओसिटीजला टाळं लावलं होतं. म्हणजे भीती खोटी नाही. पण पैसे भरले म्हणजे टिकतं, हे खोटं. टाइपपॅड तर पैसे घेऊनच चालायचं, तेही ३० सप्टेंबर २०२५ ला मिटलं. उलट आपली मायबोली १९९६ पासून अजून चालू आहे. कोण टिकेल ते आपल्या हातात नाही, प्रत ठेवणं आपल्या हातात आहे. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपची सोय आहे. त्या फाइलमध्ये लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटो मात्र येत नाहीत, ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात. तू घेतलेस का? मला उत्तर माहीत आहे, म्हणून राग येतो.

आणि ब्लॉगस्पॉट सोडायचंच असं कुठे आहे? स्वतःचं डोमेन घेऊन ते याच ब्लॉगला जोडता येतं. गूगल त्याचे पैसे घेत नाही, खर्च फक्त नावाच्या वार्षिक फीचा. जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्यावर जातो. देवनागरीत .भारतसुद्धा २०१४ पासून मिळतं. उद्या गूगलनं दार लावलं, तरी तेच नाव घेऊन तू वर्डप्रेसवर जाशील आणि वाचकाला पत्ता बदलल्याचं कळणारही नाही. मात्र नाव तुझ्या नावावर हवं.

वर्डप्रेसच्या बाबतीत लोक दोन गोष्टींची गल्लत करतात, तुझीही होत असेल. एक वर्डप्रेस डॉट कॉम. २००५ साली सुरू झालेलं, सगळं तेच सांभाळतात. फुकट घेतलं तर तुझ्या लेखाशेजारी त्यांच्या जाहिराती, आणि स्वतःचं डोमेन जोडायचं तर पैसे मोजा. दुसरं वर्डप्रेस म्हणजे २००३ पासूनचं मोफत सॉफ्टवेअर. ते आपण घ्यायचं, होस्टिंगची जागा भाड्यानं घ्यायची आणि हवं ते करायचं. जगातल्या दर पाचांतल्या दोन वेबसाइट त्यावर चालतात, म्हणून त्यातला जाणकार कुर्डुवाडीतही सापडेल. पण ते अपडेट करत राहावं लागतं. जुनी प्लगिनं तशीच पडू दिली की कुणीतरी घुसतं. शिवाय पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालेलं होस्टिंग दुसऱ्या वर्षी अंगावर येतं. नोकरी, पोरगी आणि सासूबाईंचं दुखणं सांभाळून तू हे करणार आहेस? तुझ्या एकटीच्या लिखाणाला एवढा व्याप नको.

मीडियम आणि सबस्टॅक यांचंही तुझ्या डोक्यात होतं ना? मीडियम २०१२ चं. दिसायला देखणं, पण वाचक त्यांचा, आणि लेख सभासदांसाठी ठेवलास तर बाकीच्यांना मध्येच पैशांची भिंत आडवी येते. सबस्टॅक २०१७ चं. लेख थेट वाचकाच्या ईमेलवर जातो, वर्गणी लावलीस तर दहा टक्के ते कापून घेतात. त्यातली एक गोष्ट मला पटली, वाचकांची यादी आपल्याला उतरवून घेता येते. पण तुझे वाचक म्हणजे केम, जेऊर, करमाळ्याची माणसं आणि पुण्यामुंबईला गेलेली त्यांची पोरं. त्यांना व्हॉट्सॲपवर दुवा गेला की झालं.

तुझ्या भावाचं, सचिनचं, प्रकरण वेगळं. त्याला दुकान हवं. भाव, वजन, जीएसटी, पैसे घेण्याची सोय, कुरिअर. तिथे ब्लॉगस्पॉट कामाचं नाही, तिथे स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस आणि त्यावर वूकॉमर्स घेणं रास्त आहे. पण त्याआधी, मुली, गूगलच्या नकाशावर कारखान्याची नोंद करा, ती फुकट होते. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचा कॅटलॉग लावा, तोही फुकट. त्यातून किती मागणी येते ते बघा आणि मग त्या पोराला पैसे द्या. वेबसाइटवर लेख हवेत, ते जरूर लिही. हळदीला चुना लागला की ती लाल कशी होते, निव्वळ हळदीचं कुंकू आणि रंगवलेली पूड यांत फरक काय. केमचं कुंकू म्हटल्यावर लोक हेच विचारतात, आणि तुझ्याइतकं सोपं कुणी लिहिणार नाही. पण ते सचिनच्या नावावर.

अक्काच्या शेवटच्या आजारपणावरचा लेख त्या वेबसाइटवर न्यायचा नाही. त्या लेखाखाली "आत्ताच खरेदी करा" असं बटण? तुला हे सुचलं तरी कसं? उद्या सचिननं भागीदार घेतला, परवा वाटण्या झाल्या, तर वेबसाइट ज्याच्या वाट्याला जाईल त्याच्याकडे तुझे लेखही जातील. तो ते ठेवील किंवा पुसून टाकील, त्याची मर्जी. धंद्याचं नाव एक, तुझं एक. दोन नावं, दोन खाती. आणि तुझ्या खात्याला तुझाच मोबाइल नंबर, जावईबापूंचाही नको. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, तरी नको.

जास्त बोललो. पण हे बोलायला मी हक्कदार आहे. १९७४-७५ साली नोकरी नवी होती, तेव्हा इथल्या एका साप्ताहिकात मी सदर लिहायचो. त्यात आईच्या जात्यावरच्या ओव्यांवर ओळीनं लेख केले होते. कार्बन कागद शाळेच्या निकालपत्रकांना पुरवून वापरायचा, त्यामुळे माझ्याकडे नक्कल नसायची. छापून येतंय ना, मग काय, असं वाटे. पुढे छापखाना बंद पडला आणि अंकांच्या फाइली रद्दीत गेल्या. मी गेलो तेव्हा तिथे सायकलचं दुकान होतं. आई गेल्यावर मी त्या ओव्या आठवायला बसलो. पहिली ओळ यायची, दुसरी यायची नाही. तरुणपणी मला नाव व्हायला हवं होतं. आज वाटतं, नाव नसतं झालं तरी चाललं असतं, त्या ओव्यांची वही हवी होती.

त्यातल्या काही ओव्या आज जगात एकाच ठिकाणी आहेत, मुक्ता. तुझ्या ब्लॉगवर. अक्काला त्या पाठ होत्या, तिनं कुंकू चाळता चाळता म्हटल्या आणि तू टिपून घेतल्यास. तो लेख आला तेव्हा तुला फोन करून मी फक्त ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सांगितल्या. मास्तराची सवय. लेख तीनदा वाचला होता, हे सांगितलं नाही.

तू वाईट काही करते आहेस असं मला म्हणायचं नाही. भावाच्या धंद्याला हातभार लावायला निघालीस, हे अक्काचंच वळण. तिनंही माहेरच्या अडचणीला पाटल्या काढून दिल्या होत्या आणि नंतर कधी तोंडातून काढलं नाही. म्हणूनच तुझ्याबद्दल भीती वाटते. घरच्यांसाठी तू स्वतःचं काहीही देऊन टाकशील.

तेव्हा रविवारी एवढं कर. बॅकअपची फाइल उतरव, फोटो उतरव, एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून मला पाठव. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघ, त्या पोराचं असेल तर त्याच्याशी गोड बोलून तुमच्या खात्यात घे. मग जुना ब्लॉग चालू ठेव किंवा नव्या ठिकाणी ने, मी अवाक्षर बोलणार नाही. फक्त अक्कावरचे लेख पुसू नकोस. माझ्या बहिणीविषयी दुसऱ्या कुणी कुठेच काही लिहिलेलं नाही.

छोटीला गोड पापा. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा,
मामा