ग्रहण : राहूचे नव्हे, सावलीचे

माझा विषय इतिहास. तरीही प्रतिवर्षी आठवीच्या वर्गात मी ग्रहणाचा एक पाठ घेतो. कारण ग्रहणाशी आपल्या समाजाचा इतिहास जोडलेला आहे. ग्रहण लागले की आपल्या आज्या-पणज्या टोपली घेऊन 'दे दान, सुटे गिराण' असे ओरडत गावातून फिरत. राहू-केतू अस्पृश्य, म्हणून अस्पृश्यांना दान दिले की ते सूर्यचंद्रांना सोडतात, अशी समजूत होती. पदरी पडे ते जुनेर आणि मूठभर धान्य.

पाठ साधा आहे. अंधाऱ्या खोलीत दिवा लावावा, तो सूर्य. विद्यार्थ्याचे डोके ही पृथ्वी आणि हातभर अंतरावर धरलेला चेंडू हा चंद्र. दिव्याकडे पाठ केली की डोक्याची सावली चेंडूवर पडते, हे चंद्रग्रहण. दिव्याकडे तोंड केले की चेंडू दिवा झाकतो; हे सूर्यग्रहण.

मग एखादी मुलगी विचारते, "सर, मग दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही?" खरे शिकणे इथे सुरू होते. चेंडू थोडा उंच धरला की तो उजळलेलाच राहतो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदतो, त्या दोन बिंदूंनाच भारतीय खगोलगणितात राहू आणि केतू म्हणतात. ते राक्षस नव्हेत आणि त्यांना जातही नाही.

आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये 'आर्यभटीया'त ग्रहणाचे कारण सावली हेच सांगितले. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने गणित सावलीचेच केले. परंतु राहू नाकारणाऱ्यांना वेदस्मृतींचा आधार घेऊन दोष दिला. म्हणजे उत्तर पंधराशे वर्षांपूर्वीच सापडले होते. ज्यांच्या हाती टोपली होती, त्यांच्यापर्यंत ते पोहोचू दिले गेले नाही.

केवळ परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पालकहो, सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू देऊ नका. परंतु पुढील चंद्रग्रहणाच्या रात्री मुलांना अवश्य अंगणात न्या. चंद्रावर सरकणारी ती गोल कड आपल्याच पृथ्वीची आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. ज्या अंगणातून टोपली निघत असे, तिथून आता प्रश्न निघू देत.