‘जनीन’ : शब्द, अर्थ आणि जबाबदारी

मातेच्या उदरातील अपत्यासाठी अरबी भाषेत ‘जनीन’ हा शब्द आहे. देवनागरीत तो वाचला की मराठी माणसाला सहज ‘जनन’, ‘जन्म’ हे शब्द आठवतात. परंतु हे साम्य वरवरचे आहे. ‘जनीन’चे मूळ जीम-नून-नून ही तीन अरबी अक्षरे असून त्यांचा मूलार्थ झाकणे, दृष्टीआड करणे असा आहे. डोळ्यांना न दिसणारी सृष्टी म्हणजे ‘जिन’, दाट झाडीने झाकलेली बाग म्हणजे ‘जन्नत’, ज्याच्या बुद्धीवर पडदा पडला तो ‘मजनून’, आणि आड धरण्याची ढाल म्हणजे ‘जुन्नह’. रोजा ही ढाल आहे असे हदीसमध्ये आले आहे, तेथे हाच शब्द आहे. म्हणजे ‘जनीन’चा अर्थ झाकलेला, दृष्टीआड राखलेला जीव. जन्मानंतर हा शब्द त्याला लागू होत नाही.

पवित्र कुरआनात या शब्दाचे ‘अजिन्नह’ हे अनेकवचन सूरह अन्-नज्मच्या आयत ३२ मध्ये येते. तेथील संदर्भ लक्षात घ्या. तुम्ही मातांच्या उदरात होता तेव्हापासून अल्लाह तुम्हाला जाणतो, म्हणून स्वतःच्या पावित्र्याची बढाई मारू नका, असा तेथे उपदेश आहे. जो एकेकाळी कोणालाही दिसत नव्हता, त्याने कशाचा गर्व करावा? सूरह अज्-जुमरच्या आयत ६ मध्ये गर्भातील निर्मिती तीन अंधारांत होत असल्याचे सांगितले आहे. झाकलेपणाचा अर्थ तेथेही आहे.

आपल्या घरांत रूढ असलेला ‘हमल’ हा शब्द मात्र वेगळा आहे. त्याचा अर्थ ओझे, भार. ‘हमल’मध्ये मातेचे कष्ट दिसतात, ‘जनीन’मध्ये अपत्याचे अस्तित्व. मराठीत लिहिताना ‘जनीन’साठी ‘गर्भ’ किंवा ‘भ्रूण’ लिहावे. ‘अर्भक’ लिहू नये, कारण अर्भक म्हणजे जन्मलेले तान्हे मूल.

दृष्टीआड असला तरी हा जीव हक्कावाचून नाही. हुजैल कबिल्यातील दोन स्त्रियांच्या भांडणात एकीने दगड मारला आणि दुसरीच्या पोटातील मूल दगावले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाबद्दल ‘गुर्रह’ म्हणजे एक गुलाम किंवा दासी भरपाई ठरविली. ही घटना बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. गर्भ मुलाचा असो वा मुलीचा, भरपाई एकच, असे फिकहच्या विद्वानांनी सांगितले आहे. पिता वारला तर पोटातील अपत्याचा वारसाहक्क राखून ठेवला जातो आणि ते जिवंत जन्मल्यास त्याला मिळतो. गर्भवतीला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे.

आता आपल्या काळाकडे पाहा. गर्भातील मूल मुलगा की मुलगी हे जाणून घेण्याला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर देशाने १९९४ मध्ये केला. कायद्याची गरज पडली, कारण अल्लाहने झाकलेला पडदा माणसाने मुलगी नाकारण्यासाठी उचलला. मुलीच्या जन्माची वार्ता ऐकून ज्यांचे चेहरे काळवंडत, त्यांचा निषेध सूरह अन्-नहलने (आयती ५८-५९) केला आहे. आणि जिवंत पुरलेल्या मुलीला तिचा अपराध विचारला जाईल, असा इशारा सूरह अत्-तकवीरने (आयती ८-९) दिला आहे. गुर्रहमध्ये मुलगा-मुलगी हा भेद नाही, तर आपल्या घरात तो का असावा?

म्हणून घरात गोड बातमी येईल तेव्हा ‘काय होणार?’ असे विचारण्याऐवजी मातेच्या आहाराची, विश्रांतीची चौकशी करा आणि बाळाच्या सुखरूप जन्माची दुआ करा. ‘जनीन’ या शब्दाचा आदर असाच होतो.