रॉकेटची काडी

अगं, परवा फोनवर केवढी भरभर बोलत होतीस! सोडा-बाटलीचं रॉकेट केलं, पाणी भरून पंप मारला, घराच्या कौलापर्यंत उठलं आणि तिथंच कोलांटी खाऊन शेजारच्यांच्या परसात पडलं. इथवर ऐकताना मला हसू येत होतं. पण पुढं तू म्हणालीस, "ताई, जोर कमी पडतोय. दिवाळीची उरलेली रॉकेटं फोडून दारू काढते आणि तीच भरते." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

ते काही करायचं नाही. रागावून नाही सांगत, पाया पडून सांगते. कोरडी दारू नुसत्या घासण्यानंही पेटते, एखादी ठिणगी पुरते. हातात पेटली की बोटं जातात, डोळे जातात. शिवाय परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा १८८४च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि मुळात तुझ्या रॉकेटचं दुखणं जोराचं नाहीच. जोर वाढवलास तर तेच रॉकेट आणखी जोरात कोलांटी खाईल.

तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. मी सातवीत. दिवाळीत बाटलीत रॉकेट लावताना काडी फार लांब वाटली, बाटली कलंडायची. मी निम्मी काडी मोडून टाकली. रॉकेट गुडघाभर उठलं, तोंड फिरवलं आणि जमिनीसरपट थेट वैरणीच्या गंजीत घुसलं. काकांनी गोठ्यातली बादली ओतली म्हणून निभावलं. त्या रात्री कुणी मला ओरडलं नाही, पण ओल्या वैरणीचा तो जळका वास अजून माझ्या नाकात आहे. ती काडी कशासाठी असते, हे मला पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं. तुला आजच सांगते.

गच्चीवर जा आणि विमानतळाच्या बाजूला बघ. धावपट्टीशेजारी खांबावर वाऱ्याची पिशवी लावलेली असते ना, वारा फिरला की तीही फिरते आणि शेपूट वाऱ्याच्या मागं नेऊन ठेवते. का? तर ती खांबाला एका टोकाला अडकवलेली आहे आणि वारा अडवणारं सगळं कापड खांबाच्या एकाच बाजूला आहे. हवेतल्या रॉकेटला खांब नसतो, पण ते आपल्या वजनाच्या मध्याभोवतीच फिरतं. तोच त्याचा खांब, गुरुत्वमध्य. आणि वाऱ्याचा सगळा दाब जिथं एकवटतो तो दाबमध्य. दाबमध्य मागं असला तर रॉकेट जरा तिरकं झालं की वारा शेपटी ढकलून त्याला सरळ करतो. तो पुढं गेला तर तोच वारा तिरक्याला आणखी तिरकं करतो. दिवाळीच्या रॉकेटची काडी वजन थोडं मागं आणते खरी, पण दाबमध्य त्याहून कितीतरी मागं नेते. मी तीच मोडली होती.

तुझ्या बाटलीचंही तेच झालंय. पाणी बाहेर पडायला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. त्यापुढचा सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचा, आणि रिकाम्या बाटलीचे दोन्ही मध्य जवळजवळ एकाच जागी. मग ती गरगरणारच.

म्हणून आधी ते दोन बिंदू शोध. पाणी न भरता, नाकावरची टोपी, बुडाचे पंख सगळं लावून रॉकेट बोटावर आडवं तोल. जिथं तोललं तिथं मार्करनं रेघ मार. मग रॉकेट पुठ्ठ्यावर आडवं ठेवून पेन्सिलीनं बाहेरची कड गिरव, पंखांसकट, आणि तो आकार काप. तो पुठ्ठा पट्टीच्या धारेवर तोल. ही झाली दाबमध्याची रेघ. १९६६ साली जेम्स बॅरोमन नावाच्या अमेरिकी अभियंत्यानं हौशी रॉकेटवाल्यांसाठी याचं नेमकं गणित मांडलं, पण पुठ्ठ्याची युक्ती आजही चालते. पुठ्ठा दाबमध्य खऱ्यापेक्षा थोडा पुढंच दाखवतो, म्हणजे चूक झाली तरी आपल्या भल्याची. गुरुत्वमध्य त्याच्या पुढं, निदान बाटलीच्या एका जाडीइतका हवा. दीड लिटरच्या बाटलीला साधारण ९ सेंटीमीटर धर.

तेवढं अंतर नसेल तर टोपीत शाडू भर. ५० ग्रॅमपासून सुरू कर, आईच्या वजनकाट्यावर मोजून. खडा, खिळा, नट काही घालायचं नाही. सरळ जाणारं रॉकेट खाली येतानाही बाणासारखंच येतं, म्हणून नाक मऊ पाहिजे. कापलेला स्पंजाचा चेंडू छान बसतो. पंख सनपॅकच्या शीटचे काप, तीन किंवा चार, सगळे एका मापाचे, अगदी बुडाशी. ते चिकटपट्टीनं लाव. गरम गोंदाची बंदूक बाटलीला लावू नकोस आणि पॉलिश पेपरनं घासूही नकोस. दोन्हीनं बाटली कमकुवत होते आणि हवा भरताना फुटते. पंख मोठाले केले की बरं, असंही नाही. फार मोठे झाले तर रॉकेट वाऱ्याकडेच तोंड वळवून आडवं पळतं.

आता माझी सगळ्यात आवडती चाचणी. गुरुत्वमध्याच्या रेघेवर सुतळी घट्ट बांध, चिकटपट्टीनं पक्की कर, दोन-अडीच मीटर सोड आणि अंगणात गोफणीसारखी डोक्यावरून फिरव. नाक पुढं ठेवून फिरलं तर उडवायला हरकत नाही. आडवं किंवा उलटं फिरलं तर शाडू वाढव, पुन्हा फिरव. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सहा खेपा फसल्या होत्या. सातव्या खेपेला सुतळीच्या टोकाला बाटली अशी सरळ धावली, की मी हात दुखेपर्यंत फिरवतच राहिले.

आणि एक. सुटताना वेग नसतो, म्हणून पंखांना वाराच मिळत नाही. तेव्हा पहिला हातभर प्रवास तीन उभ्या सळ्यांच्या मधून होऊ दे. बाटली सोड्याचीच घे, ती दाबासाठी बनवलेली असते. चरा पडला की फेकून दे. पाणी एक तृतीयांश, हवा मोटरसायकलच्या टायरात भरतो तेवढीच, ३० पीएसआयच्या आसपास. बुचाचं रॉकेट कधी सुटेल याचा नेम नसतो, म्हणून पंपाची नळी लांब ठेव आणि बाटलीवर कधी वाकू नकोस.

तुला वाटेल हा पोरखेळ, खरं रॉकेट वेगळंच असतं. तर ऐक. २० नोव्हेंबर १९६७ला थुंब्याहून भारतानं स्वतः बनवलेलं पहिलं रॉकेट उडालं, त्याचं नाव रोहिणी-७५. ते ७५ म्हणजे त्याची जाडी, मिलिमीटरमध्ये. तुझी बाटली त्याच्याहून जाड आहे! तेही पंखांच्याच भरवशावर सरळ गेलं. रॉकेटच्या घन इंधनावर काम केलेले आपले पुण्याचे वसंत गोवारीकर पुढं थुंब्याच्याच अवकाश केंद्राचे प्रमुख झाले. इंधनाचं काम असं रीतसर शिकून, प्रयोगशाळेत, जाणती माणसं सोबत आणि भिंती मध्ये ठेवून करायचं असतं. तुला तिथवर जायचं असेल तर मी सोबत आहे, फॉर्म भरण्यापासून.

फक्त आपल्या गावात, मुडशिंगीत उडवू नकोस. विमानं आपल्या डोक्यावरूनच उतरतात. गावात तोलणं, कापणं, सुतळीवर फिरवणं एवढंच. उडवायला आपण भुदरगडकडं मामाच्या माळावर जाऊ, मी बाबांशी बोलून ठेवलंय.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. काटा असलेला पंप माझ्याकडं आहे, तो आणते. तू शाडू भिजवून ठेव, पुठ्ठा कापून ठेव. आणि ती उरलेली दिवाळीची रॉकेटं काड्यांसकट बाबांच्या हातात दे, आजच.