औषध मोफत, आजार मोफत नाही



मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आहे. उपदेशात आपण तिच्या विश्वासावर बोलतो. पण मार्क तिच्या पैशांबद्दलही लिहितो. अनेक वैद्य झाले, जवळचे सगळे संपले आणि दुखणे वाढतच गेले. धडगाव तालुक्यातील पाड्यांवर फिरताना मला ती वारंवार आठवते.

एका पाड्यावरच्या दादाला क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यात गोळ्या मोफत, साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा. पण निदान होण्याआधीच तो एका खासगी दवाखान्यात तीनदा सलाईन लावून आला होता. त्या खर्चासाठी त्याने मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतली. उचल घेतली की दिवाळीनंतर नवराबायकोने कोयता घेऊन निघायचेच. दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, आणि मुलांसकट सगळे गाडीत बसून गेले. गोळ्या सुटल्या.

मी फोनवर त्याच्यावर रागावलो. तो म्हणाला, "भाऊ, मी थांबलो असतो, पण मुकादम दारात येऊन बसला होता."

रागावण्याआधी मी विचारायला हवे होते. क्षयाचा उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी परराज्यातल्या सरकारी केंद्राकडेही वर्ग करता येतो. निघण्याआधी आरोग्य कर्मचाऱ्याला सांगावे लागते. हे मला माहीत होते, त्याला नव्हते. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. त्याला एक रुपयाही आला नव्हता, कारण बँक खाते बंद पडले होते. ते चालू करायला तालुक्याला जायचे, म्हणजे जीपचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडणार. ही बुडालेली मजुरी कुठल्याच बिलावर दिसत नाही.

म्हणून माझी सेवकांना विनंती आहे, घरभेटीत 'काय दुखते?' एवढ्यावर थांबू नका. कर्ज कोणाकडून, किती, कामाच्या बोलीवर की व्याजाने, हे हळूच विचारा. बाईच्या अंगावरची चांदी कुठे गेली ते पाहा. बहुधा आधी ती जाते, मग शेळ्या. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, पण तोंडी गहाण चालूच असते. घरात ताटात कोणाला कमी पडते, हेही बघा. ती बहुधा आईच असते. प्रार्थना जरूर करा, पण पासबुकही मागून बघा.

होळीला ते परतले. दादाची पुन्हा तपासणी झाली, गोळ्या पहिल्यापासून सुरू झाल्या. खाते आता चालू आहे. उचलीतले काही अजून फिटायचे आहे, आणि मुकादमाशी बोलायला त्याच्याबरोबर मीही जाणार आहे. त्याची बायको मात्र आता खोकते आहे. मंगळवारी तिला थुंकी तपासायला न्यायचे आहे, मुलांनाही दाखवायचे आहे. जीपचे भाडे या वेळी आधीच बाजूला काढून ठेवले आहे.